मिशिगनची सही: १७ ते २३ नोव्हेंबर २०२०

मतदान केंद्राध्यक्ष म्हणून मी आजवर चार निवडणुका केल्या. त्यातल्या एका रात्री आमच्या केंद्रावर एक मत कमी पडलं. साडेसात वाजून गेले होते. बाहेर एसटी उभी होती, साहित्य जमा करायला तालुक्याला पोहोचायचं होतं आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. कंट्रोल युनिटवर ‘टोटल’ दाबलं की ६१२ यायचे आणि १७-अ नोंदवहीत सह्या होत्या ६१३. तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याने चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या, त्याही ६१२ भरल्या. पोटात गोळा आला. तेवढ्यात दोन नंबरच्या मॅडमना आठवलं : “सर, ती दुपारची बाई! बाळ रडत होतं बघा तिचं. सही केली, शाई लावली आणि तशीच मागं फिरली.” तेव्हा नोंदवहीत शेरा मारायचा राहिला होता. चूक आमचीच होती. शेरा लिहिला, १७-क या मतांच्या हिशेबाच्या फॉर्ममध्ये आकडे बसवले आणि निघालो.

त्या ६१३ व्या सहीमुळे मी अमेरिकेतल्या एका प्रकरणात गुंतलो. ‘डेट्रॉइटमध्ये टपालाने आलेल्या मतांच्या सुमारे ७० टक्के मोजणी टेबलांचा ताळा जुळत नाही’ ही बातमी २०२० च्या नोव्हेंबरमध्ये वाचली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा : किती टेबलांचा नव्हे, किती मतांचा? पुढच्या सहा दिवसांत तिथे जे घडलं ते या एका प्रश्नाभोवतीच घडलं, असं मला आजही वाटतं.

आधी तिथली रचना सांगतो, कारण आपल्या सवयीने पाहिलं तर ती कळत नाही. अमेरिकेत आपल्यासारखा देशभर निवडणूक घेणारा आयोग नाही. अध्यक्षपदाची निवडणूकसुद्धा राज्यं घेतात आणि राज्यं ती आणखी खाली सोपवतात. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत, आणि मतदान प्रत्यक्षात घेतात ते दीड हजारांहून अधिक शहरांचे आणि टाउनशिपांचे क्लार्क, म्हणजे कारकून नव्हे, तर निवडणूक सांभाळणारे स्थानिक अधिकारी. मोजणी झाली की काउंटीच्या ‘बोर्ड ऑफ कॅनव्हासर्स’समोर कागद येतात. कॅनव्हास म्हटलं की आपल्याला प्रचार आठवतो. इथे त्याचा अर्थ बेरजा तपासून निकालावर सही करणे एवढाच आहे. या बोर्डावर चार माणसं, दोन रिपब्लिकन आणि दोन डेमोक्रॅट. सगळ्या काउंट्यांचे कागद मग राज्याच्या बोर्डाकडे जातात. तिथेही चारच, तसेच दोन आणि दोन. दोन्ही पक्षांचे डोळे कागदावर असावेत, हा त्यामागचा हेतू. शतकाहून अधिक काळ ही कामं इतकी निरस होती की बैठकीला पत्रकारही क्वचितच फिरकत.

आपल्याकडे निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो आणि ज्याला तो मान्य नाही त्याने ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करायची. निकाल जाहीर करू की नको, असा विचार करण्याची मुभा अधिकाऱ्याला नाही. मिशिगनचा कायदाही मुळात हेच सांगत होता. कॅनव्हासरचं काम कारकुनी आहे, तपासाचं नाही, असं तिथल्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकापासून सांगितलेलं आहे. पण ती सही चार माणसांच्या हातात होती आणि ती माणसं पक्षांनी सुचवलेली होती.

२०२० ची लढत मिशिगनमध्ये फार अटीतटीची झाली नाही. जो बायडेन यांना २८,०४,०४० मतं मिळाली, डोनाल्ड ट्रम्प यांना २६,४९,८५२. फरक १,५४,१८८ चा. २०१६ मध्ये हेच राज्य ट्रम्प यांनी फक्त १०,७०४ मतांनी जिंकलं होतं आणि तेव्हा निकालावर मुकाट सह्या झाल्या होत्या.

मग वाद पेटला कशावरून? मोजणीच्या क्रमावरून. २०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी घटनादुरुस्ती करून कोणतंही कारण न देता टपालाने मत देण्याचा हक्क मिळवला होता. त्यात करोनाची साथ. तीस लाखांहून अधिक लोकांनी घरी मतपत्रिका मागवली. राज्याच्या कायद्याने मात्र ही पाकिटं आधीपासून उघडून मोजायला परवानगी दिली नाही. मोठ्या शहरांना आदल्या दिवशी काही तास मिळाले, तेही फक्त बाहेरचं पाकीट फोडण्यापुरते. त्यामुळे केंद्रावर जाऊन दिलेली मतं आधी दिसली, त्यांत रिपब्लिकन मतदार जास्त होते. टपालाची मतं रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दिसत गेली, त्यांत डेमोक्रॅट जास्त होते. क्रम कायद्याने ठरवला होता. पाहणाऱ्यांना मात्र वाटलं की रात्रीतून मतं ‘आली’. ४ नोव्हेंबरला डेट्रॉइटच्या टीसीएफ सेंटरबाहेर लोक मोजणी थांबवा म्हणून ओरडत होते, काचेवर मुठी आपटत होते, आणि आत मोजणी करणाऱ्यांचं चित्रीकरण होऊ नये म्हणून काचांना पुठ्ठे लावले गेले. त्या पुठ्ठ्यांचे फोटो पुढे महिनोन् महिने पुरावा म्हणून फिरले.

आगीत तेल ओतलं ते अँट्रिम नावाच्या छोट्या, परंपरेने रिपब्लिकन काउंटीने. मतदानाच्या रात्री तिथले अनधिकृत आकडे बायडेन यांना सुमारे तीन हजारांनी पुढे दाखवत होते. चूक क्लार्कच्या कार्यालयात झाली होती, आणि ती क्लार्क स्वतः रिपब्लिकन होती. ऑक्टोबरमध्ये काही टाउनशिपांच्या मतपत्रिकांत बदल झाला. तो बदल सगळ्या मोजणीयंत्रांच्या कार्डांवर चढवला गेला नाही. एका ओळीचा आकडा दुसऱ्या ओळीवर वाचला गेला. यंत्राच्या कागदी पट्ट्यांवर मात्र बरोबर आकडे होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी चूक सापडली आणि निकाल ट्रम्प यांच्या बाजूने दुरुस्त झाला. डिसेंबरच्या १७ तारखेला अध्यक्षपदाची सगळी मतं हाताने मोजली, तेव्हा ट्रम्प ९,७५९ आणि बायडेन ५,९५९ निघाले. आधी प्रमाणित झालेले आकडे होते ९,७४८ आणि ५,९६०. फरक पडला बारा मतांचा. ही गोष्ट मुळात कागदी मतपत्रिकेची बाजू भक्कम करणारी आहे. पण डिसेंबर उजाडेपर्यंत ‘यंत्राने मतं फिरवली’ हे वाक्य देशभर पोहोचलं होतं.

आता १७ नोव्हेंबर. वेन काउंटी, म्हणजे डेट्रॉइट आणि त्याभोवतीची उपनगरं, मिळून सुमारे पावणेनऊ लाख मतं. सही करायची शेवटची तारीख तीच. डेट्रॉइटमध्ये टपाली मतांची १३४ मोजणी टेबलं होती आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के टेबलांवर नोंदवहीतली नावं आणि मतपत्रिकांची संख्या तंतोतंत जुळत नव्हती. एखाद्या टेबलावर एक कमी, एखाद्यावर तीन जास्त. पाकीट एका टेबलाच्या यादीत आणि मतपत्रिका शेजारच्या टेबलावर. क्रमांक टिपताना चूक. तासन् तास बसलेली थकलेली माणसं. सगळं मिळून गोंधळ काहीशे मतांचा होता. डेट्रॉइट शहरात बायडेन सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. ताळा न जुळणं ही वाईट गोष्ट आहे, मी ती हलकी करत नाही. डेट्रॉइटचा निवडणूक विभाग वर्षानुवर्षं ढिसाळ चालला होता, २०१६ मध्येही तिथे हेच झालं होतं, आणि मिशिगनच्या कायद्यात ताळा न जुळणाऱ्या केंद्राची फेरमोजणी होऊ शकत नव्हती, म्हणजे या ढिसाळपणाची खरी किंमत मतदारालाच मोजावी लागते. पण काहीशे मतांच्या गोंधळाने लाखांचा निकाल उलटत नाही, हे बेरीज शिकलेल्या कोणालाही कळतं.

बोर्डाच्या दोन्ही रिपब्लिकन सदस्यांनी, अध्यक्षा मोनिका पामर आणि विल्यम हार्टमन यांनी, विरोधात मत दिलं. दोन विरुद्ध दोन. निकाल अडकला.

त्याच बैठकीत पामर यांनी एक पर्याय सुचवला : डेट्रॉइट सोडून बाकीच्या गावांचा निकाल प्रमाणित करायला आपली तयारी आहे. या प्रकरणाचा अभ्यास करताना मी याच वाक्यापाशी सर्वांत जास्त थांबलो. डेट्रॉइटच्या दर चार रहिवाशांपैकी तीनहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. लिव्होनिया हे वेन काउंटीतलंच बहुतांश गोऱ्यांचं उपनगर. तिथेही बऱ्याच केंद्रांचा ताळा जुळत नव्हता. त्याला वगळायचा प्रस्ताव नव्हता. निकष ताळ्याचा असता तर लिव्होनियाचं नावही यायला हवं होतं. आलं एकाच शहराचं. पामर यांच्या मनात काय होतं ते मी ठरवणार नाही. पण त्या वाक्याचा परिणाम काय झाला असता ते स्पष्ट आहे. ज्या शहरातल्या लोकांच्या आईवडिलांनी मताच्या हक्कासाठी दक्षिणेत मार खाल्ला, त्या शहराची सगळी मतं एका बैठकीत बाजूला ठेवली गेली असती.

आपल्याशी जोडलेला एक धागा इथे आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार त्याच निवडणुकीत डेट्रॉइटमधून मिशिगनच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले होते. मतपत्रिका एकच असते. वर अध्यक्षपद, खाली बाकीच्या जागा. डेट्रॉइट वगळलं असतं तर ठाणेदारांचा निकालही तिथेच लटकला असता. (२०२३ पासून ते डेट्रॉइटचे खासदार म्हणून वॉशिंग्टनमध्ये आहेत.)

मत झाल्यावर जनतेला बोलायची वेळ होती. साथीमुळे लोकांना झूमवरून बोलायची सोय होती आणि ते एकामागून एक येत गेले. शिक्षक, पाळक, मोजणीच्या टेबलावर बसलेली माणसं. काही रडले, काही ओरडले. काहींनी मर्यादा सोडली. पामर आणि हार्टमन यांना धमक्याही आल्या, आणि ते निंद्य होतं. दोनेक तासांनी दोघांनी मत बदललं. राज्याने डेट्रॉइटचं लेखापरीक्षण करावं अशी विनंती जोडून निकाल चार विरुद्ध शून्य असा मंजूर झाला.

त्याच रात्री ट्रम्प यांनी या दोघांना फोन केला. पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षा रोना मॅकडॅनियल, ज्या स्वतः मिशिगनच्या, त्याही फोनवर होत्या. या संभाषणाचं ध्वनिमुद्रण तीन वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, डेट्रॉइटच्या एका वृत्तपत्राने समोर आणलं : कागदावर सही करू नका, वकील आम्ही देतो, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी दोघांनी प्रतिज्ञापत्रं करून आपलं मत मागे घ्यायचं म्हटलं. उशीर झाला होता. दिलेलं मत मागे घेण्याची सोय कायद्यात नव्हती. अधिकारावर असलेला राष्ट्राध्यक्ष, जो स्वतः त्या निवडणुकीतला उमेदवार आहे, काउंटीच्या कारकुनी मंडळातल्या सदस्यांना रात्री फोन करतो, हे वाचताना मला माझी एसटीतली रात्र आठवली. आमच्या हातात शिक्का मारलेली पाकिटं होती. त्या रात्री एखाद्या मंत्र्याचा फोन आला असता तर मी काय केलं असतं? छातीठोक उत्तर देणं मला जमत नाही.

२० नोव्हेंबरला मिशिगन सिनेटचे रिपब्लिकन नेते माइक शर्की आणि प्रतिनिधीगृहाचे सभापती ली चॅटफिल्ड यांना व्हाइट हाउसला बोलावलं गेलं. विधिमंडळाने आपले इलेक्टर, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षपदासाठी मत देणारे प्रतिनिधी, नेमावेत अशी चर्चा तेव्हा उघड चालू होती. दोघांनी भेटीनंतर निवेदन काढलं : मिशिगनचा निकाल बदलेल अशी कोणतीही माहिती आमच्यापर्यंत आलेली नाही. त्यांनी पक्ष सोडला नाही, बंडही केलं नाही. जे खरं नाही त्यावर शिक्का मारायचं तेवढं टाळलं.

उरला राज्याचा बोर्ड. २३ नोव्हेंबर, सोमवार. जॅनेट ब्रॅडशॉ आणि ज्युली मॅटुझॅक या डेमोक्रॅट, नॉर्मन शिंकल आणि एरन व्हॅन लँगव्हेल्ड हे रिपब्लिकन. शिंकल यांनी आधीच वृत्तपत्रांना सांगून ठेवलं होतं की आपला कल सही न करण्याकडे आहे. म्हणजे सगळं एका माणसावर आलं. व्हॅन लँगव्हेल्ड, वय चाळीस, वकील, रिपब्लिकन आमदारांच्या कार्यालयात नोकरीला. तोपर्यंत त्यांचं नाव राज्यातही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

बैठक ऑनलाइन दाखवली जात होती. तीत साडेतीन दशकं मिशिगनच्या निवडणुका सांभाळलेले ख्रिस थॉमस बोलले. डेट्रॉइटच्या मोजणीत ते सल्लागार होते. शिंकल तक्रारींचे तपशील विचारत राहिले. व्हॅन लँगव्हेल्ड वेगळंच विचारत होते : कायद्याने आम्हाला सही न करण्याचा अधिकार दिला आहे का? तपास करण्याचा दिला आहे का? कलम दाखवा. मला यात वकिली हुशारी दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. ते निवडणूक स्वच्छ होती की नाही यावर भाषण करायला गेलेच नाहीत. ते म्हणाले की बोर्डाने आपल्याला सोपवलेल्या अधिकाराचा मान राखला पाहिजे, कायदा जसा लिहिला आहे तसा पाळला पाहिजे, आणि जो अधिकार आपल्याकडे नाहीच तो वापरायचा प्रयत्न करता कामा नये. जॉन अ‍ॅडम्स यांचं वचनही त्यांनी सांगितलं : आपलं राज्य कायद्याचं आहे, माणसांचं नाही.

तीन मतं बाजूने, शिंकल तटस्थ. निकाल प्रमाणित.

व्हॅन लँगव्हेल्ड यांचीही सही अडली असती तर? बहुधा न्यायालयाने आदेश देऊन ती करवून घेतली असती. पण राज्यांनी निकालाचे वाद मिटवायची मुदत ८ डिसेंबर होती, त्याआधीचा प्रत्येक दिवस महत्त्वाचा होता, आणि ‘मिशिगनचा निकाल लागलेलाच नाही’ हे वाक्य खरं ठरलं असतं. त्या एका खऱ्या वाक्यावर पुढची किती खोटी वाक्यं उभी राहिली असती याचा अंदाज १४ डिसेंबरवरून येतो. त्या दिवशी सोळा रिपब्लिकनांनी लान्सिंगमध्ये पक्षकार्यालयाच्या तळघरात बसून आपणच मिशिगनचे इलेक्टर असल्याच्या कागदावर सह्या केल्या. २०२३ मध्ये त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी खटला पुढे जाऊ दिला नाही. फसवण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असं त्यांचं मत पडलं. मला तो निर्णय पटला नाही, पण तो न्यायालयाचा आहे.

व्हॅन लँगव्हेल्ड यांची मुदत जानेवारी २०२१ मध्ये संपत होती. पक्षाने त्यांचं नाव पुन्हा सुचवलं नाही. जून २०२१ मध्ये रिपब्लिकनांच्याच बहुमताच्या सिनेट समितीचा, एड मॅकब्रूम यांच्या अध्यक्षतेखालचा, अहवाल आला : व्यापक गैरप्रकाराचा पुरावा नाही. अँट्रिमच्या नावाने खोटं सांगून पैसे जमवणाऱ्यांची चौकशी व्हावी, अशी शिफारसही त्यात होती. अहवाल लिहिणारा शेतकरी आमदार स्वतः ट्रम्प यांचा मतदार. तोपर्यंत मात्र लोकांची मतं घट्ट झाली होती.

कायद्यात खरा बदल नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. मिशिगनच्या जवळपास ६० टक्के मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि कॅनव्हासरचं काम विवेकाधिकार नसलेलं, केवळ कारकुनी आहे हे थेट राज्यघटनेत लिहिलं. त्याच डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये १८८७ चा जुना मतमोजणी कायदा बदलला. काँग्रेसमध्ये आक्षेप घ्यायला आता प्रत्येक सभागृहातल्या एका सदस्याऐवजी एक पंचमांश सदस्यांची सही लागते.

कायद्याची परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. मिशिगनच्या उत्तरेकडच्या डेल्टा काउंटीत निवडून आलेल्या तीन स्थानिक आयुक्तांना मुदतीआधीच परत बोलावण्याचं मतदान झालं, तिघेही हरले, आणि बोर्डाचे दोन रिपब्लिकन सदस्य सहीला अडले. पुन्हा दोन विरुद्ध दोन. राज्याच्या निवडणूक कार्यालयाने पत्र पाठवलं : हे तुमचं कर्तव्य आहे, अधिकार नाही. काही दिवसांत सही झाली. यावेळी कुणाच्या विवेकावर भिस्त ठेवावी लागली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प मिशिगनमध्ये सुमारे ८० हजार मतांनी जिंकले आणि डेमोक्रॅट सदस्यांनी सह्या केल्या.

माझ्या मते एक काम अजून बाकी आहे आणि ते मोजणीच्या टेबलावरचं आहे. ‘७० टक्के टेबलांचा ताळा जुळत नाही’ असं जाहीर करणं बंद व्हायला हवं. मतदान संपल्यावर प्रत्येक टेबलापुढे किती मतांचा फरक, कोणत्या कारणाने, कुणी शोधला, हे त्याच रात्री भिंतीवर लावता येतं. आमच्या १७-क मध्ये त्यासाठी रकाने आहेत. ६१३ सह्या, ६१२ मतं, आणि शेजारी शेरा : सही करून मत न देता परत गेल्या.